चुंबळ, पट्टा आणि सतरंजी

“आमच्या वेळी नव्हतं हो हे मानेचं दुखणं.” शिरूर-दौंडकडच्या कुठल्याही लग्नात पंगती उठल्या, प्लास्टिकच्या खुर्च्यांचं कोंडाळं झालं, की हे वाक्य ऐकू येतंच. म्हणणारा सत्तरीच्या पुढचा. ऐकणारा पन्नाशीचा, खिशात मलमाची ट्यूब बाळगणारा. आणि ज्याच्यावरून विषय निघाला तो नातू मांडवाच्या खांबाला टेकून मोबाइलमध्ये मान घालून उभा. मग ओघानं सगळंच निघतं. जात्यावरचं पीठ, आडाचं पाणी, बैलगाडी, पहाटेचे सूर्यनमस्कार. त्या काळातल्या माणसांच्या माना कशा ताठ होत्या याची वर्णनं रंगतात.

माझ्या आठवणीतली माणसं तशी नाहीत. त्यांतल्या निम्म्यांचा एक हात मानेवरच असतो.

घर आमचं घोडनदीला, म्हणजे शिरूरला. आजोळ दौंड तालुक्यात, भीमेच्या काठाला. मे महिन्यात न्हावरा, चौफुला, पाटस असे थांबे घेत एसटी आम्हाला दौंडला सोडायची, पुढं मामाची बैलगाडी. आजी तेव्हा साठीची असेल. पहाटे नदीवरून पाण्याच्या खेपा, दुपारी वैरणीचा भारा, संध्याकाळी सरपण. प्रत्येक खेपेला डोक्यावर चुंबळ, जुन्या लुगड्याचं फडकं पिळून केलेली. चालताना तिची मान खरोखर ताठ असायची, कारण ती कलली असती तर हंडा खाली आला असता. ही ताठ मान बघूनच आजची मंडळी भुलतात. रात्री तीच आजी मानेखाली लुगड्याची गुंडाळी घालून, दातावर दात ठेवून पडलेली मी पाहिली आहे. “मान धरली का गं आजी?” विचारलं तर म्हणायची, “धरली नाय बाई, तिनं सोडली कधी?”

दवाखान्याच्या कुठल्याही वहीत तिच्या मानेची नोंद नाही. ती दवाखान्यात गेलीच नाही. ‘आमच्या वेळी नव्हतं’ या वाक्याचा अर्धा अर्थ इतकाच, की आमच्या वेळी कुणी विचारत नव्हतं.

डोक्यावरचं ओझं मानेला मानवतं ही समजूत तपासूनही झाली आहे. घानामध्ये १९९० च्या दशकात डोक्यावरून ओझी वाहणाऱ्यांच्या मानेचे एक्स-रे इतरांच्या एक्स-रेशी ताडून पाहिले, तेव्हा ओझी वाहणाऱ्यांच्या मणक्यांत झीज जास्त निघाली. घाना लांब आहे, पण हंड्याचं वजन कुठंही सारखंच.

दौंडच्या फलाटावर तर हे नुसत्या डोळ्यांनी दिसायचं. मनमाडकडून येणाऱ्या गाडीला पुण्याकडं जायचं तर दौंडला इंजिन काढून दुसऱ्या टोकाला जोडावं लागे. तेवढ्या वेळात चहा, भजी, भांडणं आणि हमालांची धांदल. लाल सदरा, डोक्यावर मुंडाशाची चुंबळ, तिच्यावर पत्र्याची ट्रंक, ट्रंकेवर वळकटी. पूल चढून जाणारा हमाल मान वळवून बघू शकत नसे, सगळं अंगच वळवायचा. आम्हा पोरांना त्याचं हसू यायचं. आता बॅगांना चाकं आली. काही गाड्या तर कॉर्ड लाइनवरून जातात, दौंड स्टेशनात शिरतही नाहीत. हमालाच्या मानेला आराम मिळाला आणि त्याबरोबर कमाईलाही. स्मरणरंजन करणाऱ्यानं यातलं काय मागावं हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

उपाय मात्र तेव्हा भरपूर होते, आणि ते आठवताना मीही जरा हळवी होते. निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून बांधायचा. रुईच्या पानाला तेल लावून ते शेकून ठेवायचं. चुलीतली वीट फडक्यात गुंडाळून तिचा शेक. उसण भरली तर पायाळू माणसाची लाथ. आमचा धाकटा मामा पायाळू, म्हणजे जन्मताना पायांकडून आलेला. उजाडायच्या आत अंगणात दोन-तीन माणसं कंबर नाहीतर मान धरून उभी, आणि मामा झोपेतून उठून, डोळे चोळत, प्रत्येकाला हलकेच पाय लावून परत अंथरुणात. पैसे घ्यायचे नाहीत हा नियम. गुण यायचा का? बहुतेकांना यायचा, कारण अचानक धरलेली मान चार-आठ दिवसांत बहुधा आपोआप सुटते. मामाचा पाय त्या दिवसांच्या वाटेवर यायचा, एवढंच. पण शेक आणि कुणीतरी आपल्याकडं लक्ष देतंय ही भावना, या दोन्ही गोष्टी खोट्या नव्हत्या.

काही उपाय मात्र गेले ते बरंच झालं. बिब्बा घालून कातडी जाळणं, मानेवर डाग देणं. दाढी झाल्यावर न्हावी हनुवटी आणि डोकं धरून मान कडकन मोडायचा. त्या आवाजानं गिऱ्हाईक खूष. ही हौस अजून पुरती गेलेली नाही. झटक्यानं मान पिळली तर मेंदूकडं जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते, असं डॉक्टर सांगून थकले. आणि सगळं करून थकलेल्यांसाठी आमच्या घोडनदीला वॉलेससाहेबाची समाधी होतीच. १८०९ मध्ये इथल्या छावणीत वारलेला हा इंग्रज कर्नल. गावानं त्याला सत्पुरुष करून टाकलं, त्याला नवस बोलले, सुगीचं पहिलं धान्य त्याच्यापुढं ठेवलं. परक्या सेनापतीकडं मानेचं गाऱ्हाणं नेणारी गावं जगात फार नसतील.

मग पट्ट्याचा काळ आला. माझे वडील कचेरीत कारकून. दिवसभर मोठाल्या रजिस्टरांवर वाकून सुबक अक्षरात नोंदी. चाळिशी उलटता उलटता त्यांच्या हाताला मुंग्या यायला लागल्या, तेव्हा त्यांना मोठ्या गावच्या डॉक्टरकडं नेलं. एक्स-रे निघाला. “मणक्यात गॅप पडलाय” हे शब्द आमच्या घरात पहिल्यांदा तेव्हा आले आणि मुक्कामाला राहिले. वजनं लावून मान ताणायची, गोळ्या, आणि फिक्या रंगाचा फोमचा पट्टा. वडिलांनी तो महिनोन्‌महिने घातला. कचेरीत घातला, लग्नांत घातला, दिवाळीच्या फोटोतही तो आहे. वाकू नका, वळू नका, ओझं उचलू नका, अशा नकारांनीच सगळं दुखणं बांधलेलं. पट्टा काढला की मान डुगडुगायची, म्हणून पुन्हा पट्टा.

त्यात कुणाचा दोष नाही, तेव्हाचं शास्त्रच तसं होतं. आता डॉक्टर साध्या मानदुखीला पट्टा दिलाच तर थोड्या दिवसांपुरता देतात; जास्त दिवस बांधून ठेवलं तर मानेचे स्नायू आळसावतात आणि दुबळे होतात. एक्स-रेबद्दलचं बोलणंही बदललं आहे. वय वाढलं की मणक्यांत थोडी झीज दिसतेच, आणि ती मान अजिबात न दुखणाऱ्यांच्या एक्स-रेतही दिसते. म्हणजे वडिलांच्या त्या काळ्या फिल्ममधला ‘गॅप’ आणि त्यांची वेदना यांचं नातं आम्ही समजत होतो तितकं सरळ नसावं. हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर ते इतके घाबरले नसते, आणि घाबरलेला माणूस मान हलवायचीच बंद करतो.

पट्ट्यावरून आणखी एक सांगायला हवं. २०२५ च्या नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड भागातली माणसं गळ्यात लोखंडी खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाताना बातम्यांत दिसली. उसात बिबटे, लागोपाठ बळी गेलेले, आणि बिबट्या झडप घालतो ती मानेवर. कुत्र्यांच्या गळ्यात असे पट्टे घालायची पद्धत जुनी, आता माणसांवर वेळ आली. वडिलांचा फोमचा पट्टा आठवून आधी हसू फुटलं, मग फुटलेलं हसू आवरावं लागलं.

आता योगाकडं येते. खरं तर तो आमच्याकडं आला उशिरा, आणि लांबचा वळसा घेऊन.

आमच्या शाळेत पी.टी.चे सर रथसप्तमीला सूर्यनमस्कार घालून घेत. त्यामागं औंध संस्थानच्या राजांचा, भवानराव पंतप्रतिनिधींचा ध्यास होता, त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं होतं आणि संस्थानातल्या शाळांत नमस्कार लावून धरले होते, हे आम्हाला कळलं फार नंतर. आमच्या लेखी तो कवायतीचाच प्रकार. एक-दोन-तीन-चार, आणि शेवटी “मान गोल फिरवा” अशी आरोळी. शंभर पोरं उन्हात मान गरगर फिरवायची, दोघी-तिघी चक्कर येऊन बसायच्या. योग म्हणून जे काही असतं ते जत्रेतल्या बुवानं खाली डोकं वर पाय करून दाखवायचं. त्याचा आजीच्या मानेशी संबंध असू शकतो, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

आणि गंमत बघा. दौंडवरून जी रेल्वे पुण्यामार्गे मुंबईला जाते तिच्याच वाटेवर, याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला लोणावळ्यात, १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम काढलं होतं. आसनं केल्यावर शरीरात नेमकं काय होतं हे यंत्रं लावून मोजायचं, त्याचे निष्कर्ष ‘योगमीमांसा’ या नियतकालिकात छापायचे, असा त्यांचा खाक्या. रुग्णासाठी योग, ही कल्पना तिथं आकाराला येत होती. पुण्यात १९३७ मध्ये अठरा वर्षांचा, किडकिडीत, लहानपणी आजारांनी पोखरलेला एक तरुण कर्नाटकातून डेक्कन जिमखान्यावर योग शिकवायला आला. बी. के. एस. अय्यंगार. थोड्या महिन्यांसाठी आलेला माणूस २०१४ मध्ये शेवटचा श्वास घेईपर्यंत पुण्याचाच राहिला. पुणं आमच्यापासून पाऊणशे किलोमीटरसुद्धा नाही. खरेदीला, दवाखान्याला, कॉलेजला आम्ही पुण्याला जात होतो. या कामासाठी मात्र आमच्यातलं कुणी गेल्याचं मला आठवत नाही.

जर्मन आणि इंग्रज मात्र येत होते. १९५२ मध्ये व्हायोलिनवादक यहुदी मेन्यूहिन मुंबईत आले असताना अय्यंगारांना भेटले. थकलेलं, दुखरं शरीर, झोप नाही. व्हायोलिन धरायचं म्हणजे हनुवटी आणि खांदा यांच्यामध्ये लाकूड दाबून तासन्‌तास मान कलती ठेवायची. त्या धंद्यातल्या माणसाची मान कशी असेल हे सांगायला वैद्य लागत नाही. मेन्यूहिननी पुढं १९५४ मध्ये अय्यंगारांना स्वित्झर्लंडला नेलं आणि त्यांना एक घड्याळ भेट दिलं, त्यावर आपले सर्वोत्तम व्हायोलिनशिक्षक असं कोरवून. १९६६ मध्ये ‘लाइट ऑन योगा’ निघालं, १९७५ च्या जानेवारीत पुण्याच्या मॉडेल कॉलनीत पत्नीच्या नावानं त्यांची संस्था उभी राहिली. भिंतीतल्या दोऱ्या, पट्टे, लाकडी ठोकळे, पाठ नसलेल्या खुर्च्या, लोड, घड्या घातलेल्या चादरी. ज्याला आसन जमत नाही त्यानं ते सोडायचं नाही, त्याच्यापर्यंत आसन आणायचं, ही अय्यंगारांची करामत. साठीत स्कूटरच्या अपघातांनी त्यांचं स्वतःचं शरीर मोडलं, तेव्हा त्यांना जवळजवळ पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. स्वतःवर पुन्हा शिकलेल्या माणसाचं शिकवणं वेगळं असतं.

हाच पुण्यातला योग बर्लिनमध्ये मानदुखीवर तपासला गेला. २०१२ मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात जुनाट मानदुखीची ७७ माणसं होती. अर्ध्यांना नऊ आठवडे, आठवड्यातून एकदा दीड तास अय्यंगार पद्धतीचा वर्ग. अर्ध्यांना घरी करायच्या व्यायामाचं पुस्तक. शंभरच्या मापावर योगवाल्यांची वेदना सरासरी ४४ वरून १३ वर आली, पुस्तकवाल्यांची ४२ वरून ३४ वर. आकडे बघून टाळ्या वाजवाव्यात असंच कुणालाही वाटेल. पण जवळजवळ तीस टक्के माणसं मध्येच गळाली होती, आणि पुस्तक घेऊन घरात एकटं बसणं व वर्गात बाईंच्या नजरेखाली चारचौघांत व्यायाम करणं या बरोबरीच्या गोष्टी नव्हेत. मामाच्या पायालाही निम्मा गुण अंगणातल्या सोबतीचाच होता. २०१७ मध्ये मानदुखी आणि योग यांवरच्या चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला, तर धरण्याजोग्या चाचण्या निघाल्या तीन आणि माणसं सगळी मिळून १८८. थोड्या मुदतीसाठी फायदा दिसतो, एवढंच त्यातून ठामपणे म्हणता आलं.

मला जास्त पटलेली गोष्ट दुसरीच आहे. जर्मनीतल्याच एसेनच्या संशोधकांनी अशाच एका चाचणीतल्या लोकांना वर्षानंतर पुन्हा गाठलं. वर्ग कधीच संपला होता, तरी बऱ्याच जणांचा आराम टिकलेला. कुणाचा टिकला याचा शोध घेतला, तर वय नाही, दुखणं किती जुनं ते नाही. जे घरी करत राहिले त्यांचा टिकला. आपल्याकडं एखादी गोळी तीन दिवसांत लागू पडली नाही तर डॉक्टर बदलतात. तिथं ही गोष्ट जड जाते.

आमच्याकडं योग आला तो आधी टीव्हीवरून, मग २०१५ पासून २१ जूनला शाळेच्या पटांगणात, आणि टाळेबंदीत मोबाइलच्या पडद्यावर. आता आरोग्य उपकेंद्राच्या भिंतीवरही आसनांची चित्रं आहेत. शिरूरमध्ये एका मंगल कार्यालयाच्या रिकाम्या हॉलमध्ये आमचा वर्ग भरतो. आमच्या बाई निवृत्त शिक्षिका, अय्यंगार पद्धत शिकलेल्या. सामान विकत घ्यायला कुणाकडं पैसे नव्हते, म्हणून जुन्या साडीच्या काठाचा पट्टा, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या विटा, लग्नातल्या लोखंडी खुर्च्या आणि घरोघरच्या सतरंज्या. अय्यंगारगुरुजींनी पाहिलं असतं तर त्यांना राग आला नसता असं वाटतं.

पहिले कितीतरी दिवस बाईंनी मानेला हातच लावू दिला नाही. आम्ही मान घेऊन गेलेलो आणि त्या पावलांबद्दल बोलतायत. टाचा भिंतीला, फरे आत, छाती उघडी, हनुवटी मागे पण खाली नाही. ताडासन, भिंतीला हात टेकून अर्धं वाकणं, खुर्चीवर बसून पाठ पिळायचं भरद्वाजासन. “तुमची मान बिचारी चाकर आहे, मालक खांदे आहेत,” बाई म्हणाल्या. कवटीच्या मागून निघून पाठीच्या मध्यापर्यंत पसरलेला जो मोठा स्नायू आहे, तो घाबरलो, रागावलो, थंडी वाजली, घाई झाली की खांदे कानाकडं ओढतो. आमच्यातल्या बहुतेकींचे खांदे वर्षानुवर्षं कानाशीच होते. ते खाली आल्यावर मग कुठं ब्रह्ममुद्रा: मान सावकाश मागे, पुढे, उजवीकडे, डावीकडे, प्रत्येक ठिकाणी थांबून. गोल फिरवायची नाही, अजिबात. पी.टी.च्या सरांची आरोळी इथं बंदच.

शीर्षासन, सर्वांगासनही बंद. मान आधीच दुखत असताना शरीराचं ओझं तिच्यावर टाकणं म्हणजे आजीच्या डोक्यावर पुन्हा हंडा देणं. मोबाइलवर बघून सर्वांगासन करणाऱ्या एकीला बाईंनी सगळ्यांसमोर झापलं. आणि वर्गात घेण्याआधी त्या प्रत्येकाला काही प्रश्न विचारतात. हातात जोर कमी झालाय का, वस्तू हातून सुटतात का, चालताना तोल जातो का, लघवीवरचा ताबा सुटलाय का, पडझड-अपघात झालाय का, ताप किंवा वजन घटणं आहे का? एकाचंही उत्तर ‘हो’ आलं की आधी डॉक्टर, मग सतरंजी. एका रेल्वेतल्या निवृत्त काकांना त्यांनी असंच दारातून परत पाठवलं. काका रागावले, पण डॉक्टरकडं गेले, आणि पुढं त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. योग हा उपचारांच्या जोडीचा, हे भाषणात सगळेच म्हणतात. दारातून माणूस परत पाठवायची तयारी असली तरच ते खरं.

वर्गातल्या माना बघितल्या की तालुक्याचा नकाशा दिसतो. रांजणगावच्या एमआयडीसीत आठ तास एकाच उंचीवर नजर लावून भाग जोडणारी मुलं. कुरकुंभला रात्रपाळी करून दुचाकीवर खड्डे खात येणारा. दौंडहून पुण्याला रोज अप-डाऊन करणारी माझी मामेबहीण सांगते, सकाळच्या गाडीत बसल्या जागी झोप लागते आणि मान पेंगून पेंगून एका अंगाला पडते. हडपसर आलं की डबाभर माणसं मान चोळत जागी होतात. आणि मोबाइल तर सगळ्यांच्याच हातात. केनेथ हंसराज या अमेरिकी शल्यचिकित्सकानं २०१४ मध्ये मांडलेलं गणित फार फिरतं: सरळ मानेवर डोक्याचा भार साडेचार-पाच किलो, पण मान ६० अंश वाकवली की तो २७ किलोंच्या घरात जातो. हे संगणकावरचं गणित आहे, कुणाच्या मानेला काटा लावून घेतलेलं माप नव्हे. शिवाय कांद्याचं खुरपण करणारी बाई दिवसभर याहून खाली वाकलेली असते. वाकणं नवं नाही.

नवं काय असेल तर न हलणं. आजी खुरपायची, मग उठून बांधावर जायची, पोराला पाजायची, गुरं वळवायची, पाणी शेंदायची, दळायची. तिच्या मानेवर अन्याय झाला तो वेगवेगळ्या दिशांनी. आमच्या माना एकाच दिशेनं बसवलेल्या आहेत, आणि त्या बसल्याचंही आम्हाला कळत नाही. म्हणून आजीचं बरं होतं असं मी म्हणणार नाही. शवासनात पडून डोक्याखाली चादरीची घडी सारताना, हीच घडी तिच्या मानेखालीही होती, पण वीस मिनिटं पडून राहायची तिला मुभा नव्हती, हे मला टोचतं. तिची सून, म्हणजे थोरली मामी, आता ऐंशीला टेकली आहे. तिला मी खुर्चीवर बसून करायच्या चार हालचाली शिकवल्या. तिनं त्या केल्या आणि म्हणाली, “बरं वाटतंय की. पर हे करायला आदी बसाय मिळाय पायजे.”

बसायला मिळणं. वर्गाच्या वेळेवरून आमच्यात दरमहा वाद होतो तो त्यामुळंच. पहाटे सहाची वेळ ठेवली तर पहिल्या पाळीची मुलं येऊ शकत नाहीत, डबे करणाऱ्या बायका येऊ शकत नाहीत. संध्याकाळी ठेवली तर धारा काढायच्या. उरतात ते निवृत्त, दुकानदार आणि माझ्यासारख्या, ज्यांची पोरं मोठी झाली. ज्यांच्या माना सगळ्यांत जास्त दुखतात त्या सतरंजीपर्यंत पोचतच नाहीत.

आणि ज्यांच्या बाबतीत ‘तेव्हा’ आणि ‘आता’ असा भेदच करता येत नाही, तेही इथंच आहेत. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या येतात, बीड, नगरकडून. फडाच्या कडेला कोप्या पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. तोडलेल्या उसाची मोळी बांधून, ती डोक्यावर घेऊन, फळीवरून चालत ट्रकमध्ये चढायचं. मोळी तीस-चाळीस किलोंची, फळी हातभर रुंद. मी लहान असताना बघितलेली चुंबळ, तीच, तशीच. २१ जूनला पटांगणात योग दिन होतो तेव्हा या टोळ्या इथं नसतात, गुढीपाडव्याच्या आगेमागेच गावी परतलेल्या असतात.

गेल्या हंगामात बाईंनी एका संध्याकाळी सतरंजी घेऊन आमच्या जवळच्या कोप्यांवर जायचं ठरवलं. मीही बरोबर होते. पाच-सहा बायका जमल्या, लाजत, पदर तोंडाला लावून. बाईंनी हात वर करायला सांगितलं. त्यांतली एक म्हणाली, “ताई, हात वर दिसभर हायेतच. खाली कसं ठेवायचे, ते शिकवा.” बाई क्षणभर बोलल्या नाहीत. मग त्यांनी सगळा क्रमच उलटा केला आणि झोपण्यापासून सुरुवात केली: पाय उसाच्या मोळीवर, हात अंगापासून लांब, तळवे वर, श्वास सोडताना खांदे जमिनीकडं. दोघी तिथंच घोरायला लागल्या. उद्या पुन्हा येऊ म्हणून आम्ही निघालो, तर मुकादम येऊन सांगून गेला की उद्या गाडी पहाटे तीनला लागणार आहे आणि परवा फड बदलायचाय. नवा फड कुठं, विचारलं. मांडवगणच्या बाजूला कुठंतरी, म्हणाला, नक्की त्यालाही ठाऊक नव्हतं.